पोटरीएवढ्या मानेसाठी अख्खा दिवस

कुडाळच्या आसपास बांबू म्हणजे माणगा. बिनकाट्याचा, बुंध्याशी भरीव, मुठीत मावेल एवढा. कोयत्याचा एक तिरका घाव आणि काठी हातात. माझी रोपवाटिका याच माणग्यावर चालते आणि माझ्याकडचे काका उभ्या आयुष्यात बहुतेक तेवढाच बांबू तोडत आलेत. म्हणून आक्कांच्या घरामागचं बेट त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कोयता कमरेलाच राहिला. हात लावून म्हणाले, "ताई, ह्यो बांबू न्हंय, माड आसा."

ते चुकीचं नव्हतं. बुंध्याशी 20-22 सेंटीमीटर व्यास, उंची सात-आठ मजली इमारतीएवढी. डेंड्रोकॅलॅमस जायगँटियस, मूळचा म्यानमार-थायलंडकडचा. आक्कांचे वडील नोकरीला कलकत्त्यात होते, त्यांनी तिकडून कंद आणून हौसेने लावला. हौस त्यांची, निस्तरणं आक्कांच्या वाट्याला. बेट पसरत पसरत पडवीपर्यंत आलं होतं, वाऱ्याला शेंडे विजेच्या तारेला लागायचे. आक्कांना जुन्या काठ्या काढून हव्या होत्या, घराकडचा पसारा मागे सारायचा होता, आणि त्यातून निघणारे फुटवे, म्हणजे कंदासकट कोवळ्या काठ्या, मला विकत हवे होते. सगळं एकदाच उरकून टाक, असा त्यांचा आग्रह. मी नाही म्हटलं. तोडणी थंडीत करायची, फुटवे काढायचे पावसाच्या तोंडावर. या दोन कामांचे मोसम वेगळे आहेत, त्यात तडजोड नाही.

तोडणी जानेवारीत झाली. तिच्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण खरी गोष्ट मे महिन्यातली आहे. पण बेट आधी मोकळं झालं नसतं तर मेमध्ये कंदापर्यंत पोचताच आलं नसतं. या जातीचा कंद दरवर्षी बाहेरच्या अंगाला सरकतो. म्हणजे तोडायच्या जुन्या काठ्या बरोबर मध्यभागी आणि राखायच्या कोवळ्या काठ्या भोवती, जणू पहाऱ्याला. वर्षाच्या आतली काठी ओळखायला सोपी: पेरांवर वाळकी खोळ असते, सालीवर पांढरट भुकटी. तीन वर्षांपुढची काठी करडी पडते, तिच्यावर दगडफुलासारखे डाग येतात, आणि कोयत्याच्या पाठीने ठोकली की खणखणते. आम्ही जुन्या काठ्यांना चुन्याचे पट्टे मारले, नवे कोंब कमी असलेल्या बाजूने घोड्याच्या नालेच्या आकारात वाट पाडली आणि आतून बाहेर काढत आलो. मधल्या वाळक्या काड्यांत एक चापडा निघाला, विषारी साप. हिरवागार, हलायलाही तयार नाही. सर्पमित्र येऊन त्याला घेऊन जाईपर्यंत काम बंद.

कोयता या जाडीला निरुपयोगी. बारीक दातांची, ओढताना कापणारी छाटणीची करवत लागते. मोठ्या दातांची करवत तंतू ओरबाडते. तारेला टेकलेल्या काठ्यांसाठी लाइनमनकडून वीजपुरवठा बंद करून घेतला. कललेली काठी अर्धी कापली की उभी चिरत वर जाते आणि बुंधा माणसाच्या छातीच्या उंचीला उसळतो. म्हणून कापाच्या वर दोरीचे घट्ट वेढे, कलाच्या बाजूला आधी थोडा काप, मग मागून पुरा. कापली तरी ती पडत नाहीच, शेंडे एकमेकांत अडकलेले असतात. बुंधा धरून बाहेर ओढावा लागतो. काप नेहमी खालच्या पेराच्या लगेच वर. वर वाटी राहिली तर पावसाचं पाणी साठतं, डास होतात, खुंट कुजतो.

काका म्हणत होते, तोड वद्य पक्षातच हवी, नाहीतर भुंगा लागतो. माझा भर थंडीवर आहे. त्या दिवसांत काठीतला पिष्ट पदार्थ कमी असतो, आणि भुंगा त्यासाठीच येतो. पक्ष वद्यच होता, त्यामुळे वाद टळला. काठ्या पाल्यासकट सावलीत उभ्या ठेवल्या, पाला सुकेपर्यंत. मग बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात. आक्कांना वनखात्याचीही धास्ती होती. 2017 च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेरचा बांबू कायद्यात झाड धरला जात नाही, हे मी सांगितलं. त्यांनी ते शेजारच्या वकिलांकडून पक्कं करून घेतलं, मगच चहा दिला.

आता मे. शेवटचा आठवडा, ढग येऊन जात होते. पडवीच्या बाजूचे तीन फुटवे जानेवारीतच सुतळी बांधून ठरवले होते. मागच्या पावसात उगवलेले, बाहेरच्या कडेचे. फुटवा जितका कोवळा तितके त्याच्या कंदावरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, जिवंत. चार-पाच वर्षांच्या काठीचा कंद काढून लावण्यात श्रम फुकट जातात. तिन्ही काठ्या आधी दीड मीटरवर कापल्या, तीन-चार पेरं ठेवून. तोंडं शेणमातीने लिंपली.

मग खणायला सुरुवात झाली. वर लाल माती, पण दोन हात खाली जांभा. त्यावर पारय (पहार) आपटली की ठिणग्या. बांबूच्या कंदाची रचना डोळ्यासमोर नसेल तर माणूस दिवसभर चुकीच्या जागी घाव घालत बसतो. जाड, वाकडा कंद असतो, त्यालाच मुळं आणि डोळे. तो आईला जोडलेला असतो एका आखूड, अरुंद मानेने. मानेला मुळं नसतात, डोळे नसतात, पोकळीही नसते. कापायचं फक्त तिथे. माणग्याची मान कोयतीच्या दोन घावांत तुटते. इथली पोटरीएवढी होती आणि मुळांच्या जाळीत पुरलेली.

आक्कांचा मुंबईहून आलेला पुतण्या चेन सॉ घेऊन तयार होता. मातीत चेन सॉ घातला तर साखळीची धार काही क्षणांत जाते, आणि अरुंद जागेत पट्टीचं टोक दुसऱ्या बुंध्याला लागलं की यंत्र उलटं उसळतं. त्याला वरचा पाला कापायला पाठवलं. कुऱ्हाड चालवायला हात मागे न्यायला जागाच नव्हती. मला वाटतं, या कामात हत्याराला धार किती यापेक्षा ते कुठवर पोचतं हे महत्त्वाचं. मी आणलेली बॅटरीवरची मागेपुढे चालणारी करवत, लांब पात्याची, काकांनी लांबूनच पाहिली. "ह्यां खेळणां माका नको."

त्याआधी मान दिसायला तर हवी. मला पाइपने माती धुवायची होती. मे अखेरीला विहिरीचं पाणी मागणं म्हणजे धाडसच. आक्का म्हणाल्या, "झाडांक पानी नाय आणि तुका मातयेक होया?" शेवटी गोठा धुवायचं पाणी आधी इथे वापरायचं ठरलं, बादलीबादलीने. ते फायद्याचंच झालं. सरळ पात्याच्या फावड्याने भोवतीची मुळं गोल तोडली, पाणी ओतलं, हाताने चिखल काढला, आणि मान उघडी पडली. स्वच्छ झाल्यामुळे पात्याचे दातही वाचले.

अर्ध्यावर पातं अडकलं. फुटव्याचं वजन कापावर येऊन काप मिटतो. काकांनी ऐनाच्या लाकडाच्या पाचरी तासल्या, एक कापात ठोकली, काप उघडला. मान सुटली तेव्हा खालून नुसता 'टक्' असा आवाज आला. तोवर पारयीने उचकटायचं नाही, हे मी सकाळपासून घोकत होते. मान तुटायच्या आधी जोर लावला तर कंदच फाटतो आणि डोळे चिरडतात. आता पारय घातली, फळी सरकवली, आणि चौघांनी तो मातीसकट टेम्पोपर्यंत नेला. दुसऱ्या फुटव्याला करवत काकांच्या हातात होती. कधी घेतली ते मला कळलंच नाही.

तिसऱ्याची मान सुटत आली होती, दुपारचा वारा सुरू झाला होता, आणि काका ओरडले, "रवा! जमीन फाटता!"

आम्ही सगळे वर बघायला लागलो. ते खाली बघत होते. खड्ड्याच्या पलीकडे, बेटाच्या आतल्या बाजूला, मातीला भेग पडली होती आणि वाऱ्याच्या झुळकीसरशी उघडत-मिटत होती. या फुटव्याची आई, पूर्ण उंचीची काठी, मुळासकट पडवीकडे कलत होती. तिच्या घराकडच्या बाजूचे आधार आम्हीच काढले होते. बुंधा बोटभर हलत होता, पण एवढ्या उंचीच्या काठीचा शेंडा किती हलत असेल याचा हिशेब करायची गरज नव्हती.

खड्ड्यातून सगळ्यांना बाहेर काढलं, आक्कांना पडवीतून अंगणात. त्यांचं एकच, "बाये, माझी कौलां सांभाळ." आकडीने दोरखंड जमेल तितका उंच अडकवला, दुसरं टोक फुटवे उचलायला आणलेल्या चेनपुलीला, आणि चेनपुली कुणग्याच्या (भातखाचराच्या) बांधावरच्या माडाला, खोडाला गोणपाट गुंडाळून. कड्यांवर कड्या ओढत काठी सरळ झाली, मग हळूहळू कुणग्याकडे झुकली. भेग मिटली. पुतण्या म्हणाला, आता बांधून ठेवू, माती भरू. पण पंधरा दिवसांत मृग लागणार, माती भिजणार, आणि रात्रीच्या वादळात त्या दोरीवर भरवसा ठेवून आक्का आत झोपणार. मी तोडायचं ठरवलं. मेमध्ये तोडू नये, हे मीच त्यांना बजावलं होतं. तरीही.

वेढे घट्ट केले, ओढीच्या बाजूला काप, मग मागून. चेनपुलीवर पुतण्या, करवत काकांकडे. काठी कुणग्यात पडली तेव्हा शेंड्याने गोठ्याच्या कोपऱ्यावरची कौलं नेली. आक्कांनी ती लगेच मोजली आणि पैसे माझ्या हिशेबातून वळते केले, जे रास्तच होतं. पडवीचं एकही फुटलं नाही. टेपने मोजली तर काठी 23 मीटर भरली.

तिचं करायचं काय, हा पुढचा प्रश्न. गोडवा भरलेली काठी, भुंगा लागणारच, प्रक्रिया करण्यात अर्थ नव्हता. वाडीत लग्न होतं. दुसऱ्याच दिवशी तिचे तुकडे मांडवाचे खांब म्हणून गेले. एवढे जाड खांब बघून मांडववाल्याने आणखी आहेत का विचारलं.

तिन्ही फुटवे मी रोपवाटिकेच्या मागच्या उतारावर लावले, एकमेकांपासून 10 मीटरवर आणि कुठल्याही भिंतीपासून त्याहून लांब. एक कुजला. त्याच्या खड्ड्याखाली जांभ्याचा सलग थर निघाला, पाणी हटेना. दोघांना गणपतीच्या सुमारास कोंब आले, अंगठ्याएवढे. बघायला आलेल्या आक्कांना वाटलं मी त्यांना फसवून माणगाच लावलाय. बांबूची काठी जन्मते तेवढीच जाड राहते, पुढे फुगत नाही. कंद मोठा होत जाईल तसे दरवर्षीचे कोंब जाड येतील, पूर्ण जाडीला बरीच वर्षं लागतील, हे मी समजावलं. त्या निरोप घेताना म्हणाल्या, "मगे मी तुजो मोठो बांबू बघूक येतंय."

काका तेव्हा शेजारीच उभे होते. त्यांचं लक्ष दुसरीकडेच. थंडीत माणगा तोडायला जाऊ तेव्हा ती करवत घ्यायची का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माणग्याला कोयता पुरतो की. "पुरता," ते म्हणाले, "पण बॅटरी भरून ठेवा."