ज्ञ शेवटी येतो

नमस्कार. मी आपल्या शाळेच्या २०२० च्या दहावीचा, म्हणजे ज्यांचा भूगोलाचा पेपर कोरोनानं खाल्ला त्या बॅचचा. आता अमरावतीला कम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुवर्णमहोत्सवाच्या अंकासाठी काहीतरी लिही म्हणून मराठीच्या सरांचा फोन आला आणि पहिल्यांदा डोळ्यासमोर आलं ते ऑफिसमधलं लोखंडी कपाट.

त्या कपाटालाच आपण लायब्ररी म्हणायचो. चाबी सरांकडे, शनिवारी सकाळची शाळा सुटली की उघडायचं, आत ३१२ पुस्तकं आणि डांबरगोळ्यांचा वास. आठवीत सरांनी मला पुस्तकांची अकारविल्हे यादी करायला बसवलं (अक्षर बरं होतं म्हणून नाही, वर्गात बडबड करतो म्हणून). मी वहीची पानं फाडून चिठ्ठ्या केल्या, एका चिठ्ठीवर एक पुस्तक, आणि व्हरांड्यात अ पासून लावत गेलो, मधातच वारा सुटला की परत पहिल्यापासून. ज्ञानेश्वरी कुठं ठेवायची ते काही समजेना. सर म्हणाले, "भिंतीवरचा तक्ता पाह्य ना बे, ह, ळ, क्ष, ज्ञ." मंग ठेवली सगळ्यात शेवटी.

गेल्या दिवाळीत गावी आलो तर सरांनी तीच यादी कम्प्युटरवर करायला लावली. आठवीच्या पोट्ट्यांनी नावं टाइप करून दिली, मी पायथन नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत चार ओळी लिहिल्या, सॉर्ट मारलं आणि पाहतो तर ज्ञानेश्वरी मधातच, ज ची पुस्तकं संपल्यावर, झ च्या आधी. सर चष्मा वर करून म्हणाले, "तुह्या कम्प्युटरले वर्णमाला येत नाही का बे?"

सरांचं बरोबर होतं. युनिकोडमध्ये, म्हणजे कम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या यादीत, ज्ञ ला स्वतःचा नंबरच नाही, तो ज, हलन्त आणि ञ असा तीन तुकड्यांत लिहिलेला असतो, म्हणून नुसत्या नंबरानं लावला की ज च्या घरी जाऊन बसतो. क्ष पण तसाच, क च्या घरी. ळ ला नंबर आहे पण तो ल च्या मागं आणि व च्या पुढं, म्हणजे काळ आधी न् कावळा नंतर, आपल्या तक्त्यात तर ळ ह च्याही पलीकडं. रात्रभर शोधलं तेव्हा आयसीयू नावाची लायब्ररी सापडली (म्हणजे आपल्या प्रोग्राममध्ये वापरायला दुसऱ्यानं आधीच लिहून ठेवलेला कोड, हिला चाबी लागत नाही), तिला भाषा मराठी आहे एवढं सांगितलं की ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ. कोणीतरी बसून आपल्या भिंतीवरचा तक्ता त्याच्यात घातलाय राव! मी झोपलेल्या आईला उठवून दाखवलं, ती म्हणाली बरं झालं, लाइट बंद कर.

तरी पोट्ट्यांनी ॲ दोन प्रकारे टाइप केला होता, कोणी अख्खं एकच अक्षर, कोणी अ वर चंद्र, दिसायला सेम पण कम्प्युटरच्या हिशोबानं वेगळे. आणि एका नावाच्या आधी स्पेस पडली होती, ते पुस्तक सगळ्यांच्या डोक्यावर.

अक्षरांच्या जागा बदलायचा नाद तसा जुनाच. सहावीत सहल रिद्धपूरला गेली होती, तिथं ऐकलं की महानुभावांनी पोथ्या सकळ लिपीत लिहिल्या, एका अक्षराच्या जागी दुसरं, बाहेरच्याला वाचताच येऊ नये. परत येताना एसटीतच आम्ही चौघांनी आपली लिपी केली. दुसऱ्या दिवशी बाईंनी गणिताच्या तासाला चिठ्ठी पकडली आणि पाच मिनिटांत सगळ्या वर्गासमोर वाचून दाखवली. कशी? "प्रत्येक वाक्याच्या शेवटी तेच दोन अक्षरं आहेत रे, ते 'आहे' नाही तर काय?" कॉलेजात क्रिप्टोग्राफीच्या लेक्चरला अक्षरांच्या मोजणीवरून कोड फोडायचा धडा आला तेव्हा मला बाईच दिसत होत्या. आम्ही मले-तुले लिहिलं की लाल पेन मारणाऱ्या त्याच बाई, आणि हॉस्टेलात मी अजूनही "प्रोग्राम चालून राहिला" म्हणतो, पुण्याची पोरं हसतात, हसू देत.

यादी आता प्रिंट काढून कपाटाला आतून चिकटवली आहे. ज्ञानेश्वरी शेवटी. पुढच्या रकान्यात कोणाकडं काय बाकी ते आहे, तिथं २०१८ पासून एक पुस्तक माझ्याच नावावर निघालं. सर, कार्यक्रमाला घेऊन येतो, पण मागचं कव्हर नाही त्याला.