टँकरचं पाणी आधी कुणाच्या हंड्यात?

‘राजकीय तत्त्वज्ञान शिकून गावाचे प्रश्न सुटतात का गं?’ एम.ए. केल्यापासून हे मला आत्या विचारते, एसटीत शेजारी बसलेली बाई विचारते. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

आमचं गाव माण तालुक्यातलं. उन्हाळ्यात टँकर यायचा आणि विहिरीत पाणी ओतून जायचा. लगेच काठावर पोहऱ्यांची झुंबड. ज्या घरात तीन धडधाकट पोरं, त्यांची पिंपं बघता बघता भरायची. शेजारची म्हातारी एकटी. तिचा पोहरा विहिरीत पडेपर्यंत तळचं गढूळ तेवढं उरायचं. तिला कुणी अडवलेलं नव्हतं, विहीर सगळ्यांना खुली होती. त्यामुळे यात काही अन्याय आहे, हे मला कित्येक वर्षं दिसलंच नाही. पाणीच कमी, त्याला कोण काय करणार, असं आम्ही म्हणायचो.

मग महाडचा सत्याग्रह नीट अभ्यासला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ सालीच झाला होता. महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केलं होतं, कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतचे लोक ते पाणी प्रत्यक्ष प्यायले, तर त्या लोकांना मार खावा लागला. तळ्यावरून झालेल्या खटल्यात हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ उजाडलं. तळं तर भरलेलं होतं! राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांची नावं घेऊन उल्लेख आहे. ती ओळ वाचताना मी कितीतरी वेळ तिच्यावर बोट ठेवून बसले होते.

अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन पुढचं विचारायला शिकवतात: हक्क आहे हे ठीक, पण त्या माणसाला तो वापरता येतो का? म्हातारीच्या दंडात बळ नव्हतं. महाडला जातीची भिंत होती, तशी आमच्या गावात ही दुसरी, कुणी न बांधलेली.

गेल्या उन्हाळ्यात हे मी ग्रामसभेत मांडलं. घरटी वाटायचं की माणशी, यावर दोन तास वाद झाला. नऊ माणसांच्या घराचं म्हणणंही खरंच होतं. शेवटी माणशी ठरलं, आणि एकट्या-दुकट्यांचे हंडे आधी. जनावरांच्या पाण्याचं अजून ठरायचंय.