पवनीचा नाला आणि हत्तीवाला पैसा

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला जगन्नाथ टेकडीवरचा स्तूप पाहिला, किल्ल्याचा दरवाजा पाहिला, वैनगंगेच्या घाटावर बसलो. त्यावर पुष्कळांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते गावाबाहेरच्या एका नाल्याबद्दल.

घाटावर पोरं दोरीला चुंबक बांधून पाण्यात सोडत होती. भाविकांनी टाकलेले रुपये चिकटून वर येत. आजचे रुपये पोलादी, म्हणून चिकटतात. तांबं, कासं, शिसं, चांदी यांना चुंबक ओढत नाही, म्हणजे जुनं ते सगळं खालीच राहतं. जुनी नाणी कुठे मिळतील विचारलं तर एक पोरगा म्हणाला, "सोनझारी बाईले विचारा जी, नाल्यावर भेटन."

सोनझारी म्हणजे नदीची वाळू आणि सोनारांच्या गल्लीतली धूळ धुऊन सोन्याचे कण काढणारे लोक. मावशी पोटरीभर पाण्यात लाकडी परात घेऊन वाकल्या होत्या. मी मधल्या धारेत उतरायला लागलो तशा म्हणाल्या, "तिथं नाय भाऊ. पानी वळते ना, त्याच्या आतल्या अंगाले या." वळणाच्या आत पाण्याचा जोर मरतो आणि जड ते तिथेच बसतं.

परात जरा तिरपी, एक हिसका, पुन्हा हिसका. पांढरी वाळू पाण्याबरोबर काठावरून ओघळून जायची, तळाला काळ्या रेतीची बारीक रेघ उरायची. त्या रेघेतून त्यांनी करंगळीनं एक हिरवट चकती बाजूला केली आणि अंगठ्यानं घासली. मधोमध भोक, वर मुकुट, खाली 1944. महायुद्धात तांबं वाचवायला सरकारनं 1943 पासून हा भोकाचा पैसा काढला होता. "माह्या मायनं माह्या करदोट्यात बांधला व्हता असा," मावशी म्हणाल्या.

तेवढ्यात काठावर मोटरसायकल थांबली. "गुप्तधन काढाले आले का?" मला राग आला, पण इकडे या शब्दापायी माणसांचे बळी गेलेत, लोक विचारणारच. उत्तर मावशींनीच दिलं: "पाहुना हाय. माझं काम पाहाले आला."

ते गेले. मग मी विचारलं, याहून जुनं काही मिळतं का? "हत्तीवाला पैसा येते ना, पूर उतरला का. काळा, जाडा. भंगारवाला शिशाच्या भावानं नेते."

मी परात धरून तसाच उभा राहिलो. एका बाजूला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला चार गोळे जोडलेलं उज्जैन चिन्ह ही सातवाहनांची नाणी, तांबं, शिसं आणि कथील मिसळून केलेल्या पोटीनची. 1939 मध्ये तऱ्हाळ्याला, आजच्या वाशीम जिल्ह्यात, अशांचा दीड हजारांवर साठा निघाला. कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी हे राजे पुराणांच्या यादीत नाहीत, ते त्या नाण्यांवर वाचता आले. इथे तसलीच नाणी किलोवर जातात आणि भट्टीत वितळतात.

1878 च्या कायद्याप्रमाणे 10 रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर कलेक्टरला कळवायचं असतं. मी हे मावशींना सांगितलं. त्या परात उपडी करत म्हणाल्या, "भंडाऱ्याले गेली तं दिवसाची मजुरी जाते. भाडं कोन देईल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी एवढं म्हणालो, की हत्तीवाला निघाला तर कोणत्या वळणावर निघाला ते लक्षात ठेवा आणि दगडानं घासू नका. त्यांनी ते मनापासून ऐकून घेतलं.

पण हे मावशींवर टाकून चालणार नाही. पूर ओसरला की भंगारवाल्याच्या आधी पुरातत्त्व खात्याचा एक माणूस या नाल्यावर यायला हवा. सोबत एक वही हवी, आणि मावशींच्या हातात रोख द्यायला शिशाच्या भावापेक्षा बरे पैसे.