'बाबाले सांगू नोका' म्हणण्याआधी

कॅन्सरचा रिपोर्ट हातात पडला की विदर्भातल्या खेड्यातला मुलगा डॉक्टरांना केबिनबाहेर गाठतो आणि हळूच म्हणतो, "साहेब, बाबाले काई सांगू नोका." त्यात प्रेमच असतं. आम्ही इंग्लंडमध्ये गंभीर आजारी माणसांची शुश्रूषा करतो. इथली मराठी मुलंही हेच म्हणतात, आणि त्यांना पहिला धक्का इथंच बसतो. इथल्या २००५ च्या कायद्यानुसार सज्ञान माणसाला आपलं भलंबुरं कळतं, असं धरूनच चालावं लागतं. नुसतं बायको किंवा मुलगा असून उपचाराचा निर्णय घेता येत नाही. त्यासाठी आजाऱ्यानं चांगल्या शुद्धीत असताना मुखत्यारपत्र करून ते नोंदवावं लागतं. मुलाला दुभाषी म्हणून बसवणंही टाळतात. तो 'कॅन्सर' ऐकतो आणि मायला 'गाठ' सांगतो.

या 'गाठी'नं किती नुकसान होतं ते पाहा. खर्ऱ्यामुळे, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून खाण्यामुळे, होणारा तोंडाचा कॅन्सर आपल्या भागात घरोघरी माहीत आहे. त्याच्या रेडिएशनला, म्हणजे शेकाला, बहुतेक वेळा आठवड्यातले ५ दिवस असे ६ ते ७ आठवडे लागतात. गडचिरोलीतल्या सिरोंच्याहून नागपूर ३०० किलोमीटरच्या वर, म्हणजे जाऊन-येऊन करणं शक्यच नाही. साध्या गाठीसाठी दीड महिना वावर कोण सोडेल? रोवणी आली, कापूस फुटला, की माणूस गावी परततो. शेकात खंड पडला की उरलेल्या रोगट पेशी पुन्हा वाढू लागतात, आणि बुडालेले दिवस शेवटी जोडले तरी ती भरपाई पुरती होत नाही. आजाराचं नाव माहीत असलेला माणूस रोवणी भावावर सोपवून थांबतो. जाता जाता हेही सांगायला हवं: कॅन्सर ताटात ताट घालून जेवल्यानं लागत नाही, आणि मशीनखाली बाहेरून दिलेल्या शेकामुळे अंगात काही उरत नाही. नातवंडाला मांडीवर बसू द्या.

मग सगळं तोंडावर सांगून टाकायचं का? तसंही नाही. विचारायचं, आणि तेही रिपोर्ट यायच्या आधी, तुकडा तपासायला पाठवतात त्या दिवशी: "बाबा, रिपोर्ट आला की डॉक्टरसाहेबांनी तुमच्याशी बोलायचं, का माझ्याशी?" बाबा म्हणाले "तूच पाय", तर तो त्यांचा निर्णय झाला. तो इंग्लंडमध्येही मानतात. डॉक्टरांना तो केसपेपरवर लिहायला सांगा. एक महिन्यानं पुन्हा विचारा, कारण माणसाचं मन बदलतं. आणि रात्री अंधारात त्यांनी "मी वाचन का रे?" असं विचारलं, तर "काई होत नाई तुम्हाले" म्हणून विषय तोडू नका. "तुम्हाले काय वाटते?" एवढं विचारून गप्प बसा. बहुतेकांना कळलेलं असतं. पोराला वाईट वाटेल म्हणून तेही लपवत असतात.

लपवाछपवीत कागदपत्रंही अडकतात. सोसायटीचं कर्ज किती, उसनवारी कोणाची, सातबाऱ्यावर बहिणींची नावं आहेत का, हे त्या एकाच माणसाला माहीत असतं. डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये आधुनिक हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या आजाऱ्यांच्या शुश्रूषेचं ठिकाण, सुरू केलं. दुखणं शरीराचं, मनाचं, घरादाराचं आणि श्रद्धेचं मिळून एकच असतं, असं त्या सांगत. कर्जाचा घोर लागलेल्या शेतकऱ्याची पाठदुखी गोळीनंही पुरती थांबत नाही, हे म्हणूनच. अखेरच्या दिवसांत व्हेंटिलेटर नको असेल, तर तसं लिहून ठेवता येतं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी.

आता दुखण्याबद्दल. आपल्या बाया "होते थोडंसं" म्हणतात आणि रात्रभर कुशी बदलतात. म्हणून 'दुखते का' विचारू नका. 'काल रात्री किती वेळा जाग आली, उठून बसता आलं का' असं विचारा आणि तेच डॉक्टरांना सांगा. मॉर्फिनची, म्हणजे तीव्र दुखणं थांबवणारी, गोळी शेवटचं औषध आहे, तिची नशा लागते, ही भीती घराघरात आहे. दुखण्यासाठी मोजून घेतल्यावर तसं व्यसन क्वचितच लागतं. सुरुवात बहुधा ५ किंवा १० मिलिग्रॅमनं, दर ४ तासांनी होते. दुखायला लागेपर्यंत थांबायचं नाही, घड्याळ पाहून द्यायची. पहिले काही दिवस झापड आणि मळमळ राहते, मग ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच मागा, नाहीतर पोट फुगतं आणि घरचे मॉर्फिनच बंद करतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी सांगा. माणूस हलवून जागा होत नसेल, श्वास फार मंद झाला असेल, तर पुढचा डोस न देता लगेच डॉक्टर गाठा. ही गोळी गावच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ मध्ये बदल झाल्यानंतर ती मान्यताप्राप्त संस्थांतून मिळते. नागपूरच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात पहिल्याच भेटीत तिची चौकशी करा, आणि आठवड्याच्या गोळ्या उरल्या असतानाच पुढच्या आणायला निघा.

भेटीला येणाऱ्यांची माया मोठी असते. इथल्या कित्येक खाटांशेजारी दिवसभर कोणी बसत नाही. तेव्हा ओसरीवर भरलेलं गाव फार आठवतं. पण पंधरा माणसांत लघवी लागली हे सांगता येत नाही. दुपारचे दोन तास दार लोटून घ्या. त्याच वेळात सुनेलाही झोपू द्या, तिला कोणी विचारत नाही. आशाताईला बोलवा, उपकेंद्रातून ड्रेसिंगचं शिकून घ्या.

आणि "दोन घास तरी खा" हा आग्रह. शरीर थकत आलं की भूक आपोआप मरते. बळजबरीचा घास श्वासनळीत जातो, जास्तीचं सलाईन अंगावर सूज आणतं आणि छातीत घरघर वाढवतं. ओठ कोरडे पडू देऊ नका. दर तासा-दोन तासांनी ओल्या कापसानं तोंड आतून पुसा, ओठांना तूप लावा. गंगाजल द्यायचंच असतं. गिळणं थांबलं असेल तर चमचा ओतू नका, तुळशीच्या पानानं दोन थेंब ओठांवर टेकवा.