ताई, मला थांबवा

लालबागला आमच्या चाळीतल्या एका खोलीत दर रविवारी सकाळी दहा वाजता मी इंग्रजी बोलायला शिकवते. येतात ती सगळी मोठी, कमावती माणसं. दहा-बारा जण, दोन चटया, एक फळा.

गणपतीनंतरच्या पहिल्या रविवारी वॉचमन काका म्हणाले, "आय डिडन्ट वेन्ट नेटिव्ह प्लेस." त्यांना न अडवता मी म्हटलं, "ओह, यू डिडन्ट गो?" ते जोरात मान हलवून म्हणाले, "येस, आय डिडन्ट वेन्ट!" त्यांना वाटलं, ताई विचारपूस करतायत. मी चूक दुरुस्त केली, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आणि ही चूक थेट मराठीतून येते. आपण 'गेलो नाही' म्हणतो. 'नाही' लागलं तरी 'गेलो' भूतकाळातच राहतं. इंग्रजीत भूतकाळ 'डिड' घेतो, मग क्रियापद मूळ रूपात येतं. फळ्यावर मांडलं की दोन मिनिटांत कळतं. मी मांडलं नाही, कारण माणूस वयाने मोठा, चारचौघांत वाईट वाटेल.

कॅनडात फ्रेंचमधून शिकणाऱ्या मुलांचे वर्ग रॉय लिस्टर आणि लायला रांटा यांनी तपासले होते. तो अभ्यास १९९७ साली छापून आला. चूक दुरुस्त करताना शिक्षक निम्म्याहून जास्त वेळा माझ्यासारखंच करत: मुलाचं वाक्य स्वतः बरोबर म्हणायचं आणि पुढे जायचं. आणि त्यावर मुलांनी आपलं वाक्य सुधारल्याचं प्रमाण सगळ्यांत कमी. तिथे तर मुलं होती. पन्नाशीतल्या माणसाचं काय, म्हणून मी वर्गालाच विचारलं.

नर्स असलेल्या मावशी पहिल्यांदा बोलल्या. "कामावर कुणी सांगत नाही हो. तोंडावर ऐकून घेतात, मागे नक्कल करतात. तुम्ही तरी सांगा." हे ऐकून मला फार लागलं. आपण मान राखतोय असं मी समजत होते, आणि बाई शिकायची वाट बघत होती.

काका म्हणाले, "लगेच थांबवा. पण तुम्ही थांबवा." कुरिअरवाला बावीस वर्षांचा मुलगा मधेच चुका काढतो, ते त्यांना सहन होत नाही. ब्लाउज शिवणाऱ्या ताईंचं उलटंच. "वाक्य तोडलंत की पुढचं सुचतच नाही मला. बोलून होऊ दे, मग सांगा." आता माझ्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं म्हणणं लिहिलेलं आहे.

परवा काका पुन्हा म्हणाले, "आय डिडन्ट..." मी नुसता हात वर केला. कुरिअरवाला तोंड उघडणार, तेवढ्यात ब्लाउजवाल्या ताईंनी त्याला नजरेनेच दटावलं. काका पंख्याकडे बघत राहिले, ओठ हलत होते. "...गो," ते म्हणाले. मग सबंध वाक्य पहिल्यापासून म्हटलं आणि कारणही सांगितलं: "माय ड्युटी वॉज देअर."

ही नवी चूक मी त्या दिवशी सोडून दिली.