मे महिना काढला की कळतं

लग्नात, लोकलमध्ये, बँकेच्या रांगेत, कुठेही ओळख झाली आणि "माझा योगाचा क्लास आहे" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "हो का? पण त्यावर भागतं का?" गेल्या आठवड्यात तोच प्रश्न माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीने विचारला. तिचा कोर्स झालाय, सर्टिफिकेट हातात आलंय, एक हॉलही बघून ठेवलाय. "ताई, खरं खरं सांगा," म्हणाली. तुम्हीही बऱ्याच जणांनी विचारलंत, म्हणून एकदा नीटच लिहून टाकते.

भागतं. डोंबिवलीत अकरा वर्षं भागतंय. हॉल साडेपाचशे चौरस फुटांचा. एक मॅट सहा बाय दोनची, तरी हात पसरायला जागा सोडली की सोळा माणसांच्या वर सतरावं घेता येत नाही. चार बॅचेस. फी महिना बाराशे. चांगल्या महिन्यात बासष्ट जण असतात, म्हणजे ७४,४०० रुपये. भाडं २२ हजार, वीज साडेतीन हजार, केरफरशीच्या मावशींचे तीन हजार, संध्याकाळची बॅच घेणाऱ्या मुलीचे बारा हजार. उरतात ३३,९००. उलाढाल वीस लाखांच्या पुष्कळ आत, त्यामुळे जीएसटीची भानगड नाही.

पण हा चांगला महिना झाला. मे महिन्यात कुणी माहेरी, कुणी गावी, कुणाच्या मुलांना सुट्ट्या. गेल्या मेमध्ये बासष्टचे सदतीस झाले. खर्च तेवढाच. हातात तीन हजार नऊशे. गणपतीत कोकणातली मंडळी आठ-दहा दिवस गायब. नवरात्रात संध्याकाळची बॅच गरब्याला. दिवाळीनंतर मात्र फराळ अंगावर आला की फोन सुरू होतात, आणि जानेवारीत तर जागा पुरत नाही. २०१५ पासून २१ जूनच्या आठवड्याचीही त्यात भर पडली. तेव्हा एखाद्या कंपनीतून हमखास फोन येतो, दोनशे लोकांचं सेशन घ्या, पैसे नाहीत पण नाव होईल. नाव आईवडिलांनी ठेवलंय, असं एकदा सांगून टाकलं. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरीला बोलावलं.

फुकटचा प्रश्न मात्र मी झटकून टाकत नाही. "योगाचे कसले पैसे घेता?" असं विचारणारे आजोबा दर वर्षी एक तरी भेटतात, आणि त्यांच्यामागे आपल्याकडची खरी परंपरा आहे. नागपूरला जनार्दनस्वामींच्या योगाभ्यासी मंडळाने कित्येक वर्षं लोकांना विनामूल्य शिकवलंय. आदरच आहे. पण त्यांच्यामागे कार्यकर्ते आहेत, माझ्यामागे हॉलचा मालक आहे. आणि ज्यांचं नाव घेऊन आम्ही सगळे शिकवतो ते योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार गुरुजी १९३७ साली पुण्यात आले ते अठरा वर्षांचे, सहा महिन्यांच्या कामावर, मराठीचा गंध नसताना. नंतरची बरीच वर्षं त्यांनी अक्षरशः उपासमारीत काढली. पुण्यातली संस्था उभी राहायला १९७५ उजाडलं. पैशाचं नाव काढलं की योग बाटतो असं मला तरी वाटत नाही.

माझ्या दोन चुका सांगते, कारण त्या विद्यार्थिनीच्या हॉलचे फोटो बघून मला दोन्ही आठवल्या.

पहिला हॉल मी दुसऱ्या मजल्यावर घेतला होता. भाडं कमी, वारा छान, लिफ्ट नाही. माझ्याकडे येणारे निम्मे लोक गुडघे आणि कंबर घेऊन येतात. ते खालूनच जिना बघायचे आणि "पुढच्या महिन्यापासून येतो" म्हणायचे. हे कळायला मला सात महिने लागले. आता तळमजला आहे. रिक्षा दारात थांबते.

दुसरी चूक वर्षाच्या फीची. नऊ महिन्यांच्या पैशांत बारा महिने, अशी सवलत काढली. चोवीस जणांनी भरली. एवढी रक्कम एकदम बघून डोकं फिरलं, भिंतभर आरसे लावले, एसी बसवला. गणपतीपर्यंत चोविसांतले निम्मे यायचे बंद झाले. उरलेले रोज यायचे, पण त्यांचे पैसे केव्हाच आरशांत गेले होते. मार्चमध्ये एफडी मोडून भाडं दिलं. त्या आरशांवर आता पडदा आहे, कारण आरसा असला की माणसं वीरभद्रासनात गुडघ्याकडे बघायचं सोडून पोटाकडे बघतात. आता फी महिन्याची, फार तर तीन महिन्यांची.

मग खर्च करायचा कशावर? माझ्या हॉलमधल्या सगळ्यांत कामाच्या वस्तू म्हणजे सोलापुरी चादरी आणि पाठ काढलेल्या खुर्च्या. तीन चादरींच्या सारख्या घड्या एकावर एक ठेवायच्या, घडीची बंद कड खांद्यांखाली, डोकं खाली जमिनीवर. एवढ्यानं सर्वांगासनात मानेवरचा भार उतरतो. घडी अर्धा इंच वाकडी पडली तरी मान सांगते. खुर्च्या साध्या लोखंडी घडीच्या, पाठीचा पत्रा कापून काढलेल्या, म्हणजे पाय त्यातून आत घालता येतात. कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याला पहिल्यांदा दहा खुर्च्या दिल्या तेव्हा तो बराच वेळ बघत राहिला. "मॅडम, पाठच काढली तर टेकायचं कशाला?" आता तो स्वतः सहाच्या बॅचला येतो. वेल्डिंगनं कंबर गेली होती.

माझ्या मते क्लास चालतो की नाही हे नव्या अ‍ॅडमिशनवर बघूच नये. जानेवारीत कुणीही भरती दाखवेल. मेमध्ये गेलेल्या पंचविसांपैकी जूनमध्ये किती परत आले, ते मोजायचं. माझे साधारण वीस येतात. त्यासाठी मी काही थोर करत नाही. वही ठेवते. कुणाला रक्तदाब, कुणाला काचबिंदू, कुणाचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय, ते पहिल्या दिवशी विचारून लिहायचं. रक्तदाब आणि काचबिंदूवाल्यांना डोकं खाली, पाय वर असं उलटं करायचं नाही, हर्नियावाल्याला कपालभाती द्यायची नाही, मग त्यांनी टीव्हीवर काहीही बघितलेलं असो. तीन दिवस कुणी आलं नाही तर मेसेज, आठ दिवस झाले तर फोन. फोनवर फीचा विषय काढायचा नाही.

एक बाई आहेत, साडेदहाच्या बॅचच्या. घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. त्या मला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "मी खरं तर शेवटच्या दहा मिनिटांसाठी येते." शवासनात पाचव्या मिनिटाला घोरतात. पूर्वी मी हलवून उठवायची, आता बाकीच्यांना खुणेने बाहेर काढते आणि केरफरशीची मावशी आली की तिला सांगते, आधी बाहेरचा पॅसेज पूस. सहा वर्षांत त्यांनी फी एकदाही थकवली नाही. मेमध्येही येतात.

तर त्या विद्यार्थिनीला मी सांगितलंय, एसीचं राहू दे. जुलैतल्या धो धो पावसात पहाटे साडेपाचला हॉलवर जाऊन ये. गल्लीत पाणी साचतं का, दिवे असतात का, संडासाची किल्ली वॉचमनकडे असते की सेक्रेटरीकडे, आणि सेक्रेटरी किती वाजता उठतो, हे बघ. सोसायटीची लेखी परवानगी घे. फॅब्रिकेशनवाल्याचा नंबर पाठवलाय. तो आता विचारत नाही, नुसतं किती नग ते सांगायचं.