पाचर कशाला ठोकली होती?

इमारतींच्या दारांचं हार्डवेअर पुरवणं हे माझं काम. पुण्यातल्या एका रुग्णालयाने खोल्यांचे स्टॉपर बदलायला बोलावलं होतं. जिप्समच्या भिंतींना दारांच्या मुठी आदळून खड्डे पडले होते. अशा भिंतीत स्टॉपर बसवायचा तर आत लाकडी पट्टी हवी, म्हणून मी जमिनीवरचे अर्धगोल सुचवले. तेही बिजागरीपासून दूर, भिंतीलगत. बिजागरीजवळ बसवले की प्रत्येक धक्क्याला स्क्रू उखडतात. तो विषय तिथेच संपला, कारण माझं लक्ष वॉर्डाबाहेरच्या फायर डोअरकडे गेलं होतं.

दोन पल्ल्यांचं भक्कम दार, वर दार आपोआप ओढून मिटवणारे चांगले क्लोजर आणि दोन्ही पल्ल्यांखाली लाकडी पाचर. आग लागली तर हे दार धूर अडवणार कसं? जानेवारी 2021 मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 10 नवजात बाळं गेली, त्यातली बरीच धुराने गुदमरून. असं उघडं दार दिसलं की मला ती बातमी आठवतेच.

वॉर्डबॉय मामांना विचारलं. ते म्हणाले, "साहेब, एका हातात स्ट्रेचर, दुसऱ्यात सलाईन. दार कशानं धरू?" त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. पाचर काढायला लावली असती तर संध्याकाळपर्यंत दुसरी आली असती. दिवसभर उघडं राहील आणि अलार्म वाजताच आपोआप मिटेल, असंच काहीतरी तिथे हवं होतं.

म्हणून 24 व्होल्टचे चुंबकी होल्डर फायर पॅनलला, म्हणजे आगीच्या अलार्मच्या नियंत्रण पेटीला, जोडून घेतले. प्रवाह आहे तोवर चुंबक पल्ला धरून ठेवतो. अलार्म वाजला की पॅनल प्रवाह तोडतं आणि क्लोजर दार ओढून घेतो. चुंबक वरच्या बाजूला, क्लोजरच्या उंचीजवळ बसवायला लावला. तो खाली ठेवला तर वरून क्लोजर ओढतो, खालून चुंबक धरतो आणि पल्ला हळूहळू पिळवटतो.

चाचणीच्या दिवशी अलार्म दिला. दोन्ही पल्ले एकदम सुटले, पण ज्याची कड दुसऱ्यावर बसते तो पल्ला आधी पोचला आणि आधी मिटायला हवा असलेला खाचेचा पल्ला त्याच्यावर अडकला. मध्ये चार बोटं फट! धुराला तेवढी पुष्कळ झाली. व्यवस्थापकांना वाटलं, चुंबक बिघडला. चुंबकाचं काम चोख झालं होतं. पल्ले क्रमाने मिटवणारा कोऑर्डिनेटर चौकटीवर कधी बसवलेलाच नव्हता. तो बसवला आणि पुन्हा अलार्म दिला. खाचेचा पल्ला आधी, मग दुसरा त्यावर, आणि लॅच खटकन लागली.

पॅनल रीसेट केल्यावर पल्ले हाताने मागे नेऊन चुंबकाला टेकवावे लागतात. ते मामांना आणि रात्रपाळीच्या सिस्टरांनाही करून दाखवलं, मगच निघालो.